बसत नाही की बसवत नाही?

कोजागरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं आणि शेजारी एक वाद उतू जात होता. विषय होता बी विंगमधला दुसरीतला एक मुलगा. त्याच्या शाळेनं आईवडिलांना बोलावून सांगितलं होतं, ‘याला एडीएचडी असावा. डॉक्टरांना दाखवा, गोळ्या सुरू करा, फरक पडेपर्यंत घरीच ठेवलंत तर सगळ्यांच्याच सोयीचं.’ एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता ही मुलांमधली अडचण. पंधरा मिनिटांत गच्चीवर दोन तट पडले. एक म्हणे, शाळेचं काय चुकलं? एका पोरापायी बाकीच्या पन्नास जणांनी नुकसान का सोसायचं? दुसरा म्हणे, हे सगळं डॉक्टरांचं आणि औषध कंपन्यांचं फॅड. आमच्या वेळी दोन धपाटे घातले की असले आजार पळून जायचे. मधूनच कुणी मोबाईलला शिव्या घालत होतं, कुणी साखरेला, कुणी आईच्या नोकरीला. मी नाशिकमध्ये चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून ‘बाई, तुम्ही सांगा’ असं दोनतीनदा झालं, पण मी तोंड उघडायच्या आत पुढचा सुरू व्हायचा. (मध्येच बोलणं, समोरच्याचं ऐकून न घेणं, आपली पाळी येईपर्यंत दम न निघणं: लक्षणांची यादी त्या रात्री मोठ्यांनाच चपखल बसली असती.) ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो मुलगा पाण्याच्या टाकीभोवती गरागरा धावत होता आणि त्याची आई ट्रे धरून जिन्याच्या दाराशी उभी होती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. एडीएचडी ही खरीखुरी अडचण आहे. ती कुठून सुरू झाली असं मानायचं, ती रेघ मात्र माणसांनी आखलेली आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असण्यात काही विसंगती नाही. गच्चीवरचे तट वरवर भांडत होते, पण आतून त्यांचं एकमत होतं. मुलगा बसत नाही, हे दोघांनाही मान्य होतं. एकाला त्यावर गोळी हवी होती, दुसऱ्याला धपाटा. मी मराठीची शिक्षिका. व्याकरणात आम्ही शक्य क्रियापदं शिकवतो: आजीला जिना चढवत नाही, आजाऱ्याला उठवत नाही. ‘आजी जिना चढत नाही’ म्हटलं तर त्यात आजीचा हट्टही असू शकतो. ‘आजीला जिना चढवत नाही’ म्हटलं की गोष्ट थेट गुडघ्यांवर येते आणि ऐकणारा लिफ्ट कुठे आहे ते बघू लागतो. फरक एका ‘व’चा. मूल वर्गात बसत नाही की त्याला बसवत नाही, हे आधी विचारायला हवं. गच्चीवर ते कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर नोकरीच्या चौतीस वर्षांत मीही फारसं विचारलं नाही.

यावरचा सगळ्यांत दमदार आक्षेप आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा. बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबी माणूस. ‘अहो बाई, हाच मुलगा कार्टूनपुढे दोन तास हलत नाही. तिथे बरं बसवतं?’ आक्षेप रास्त आहे आणि तो उडवून लावणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण घोटाळा मुळात नावात आहे. नाव म्हणतं, अवधानाचा अभाव. प्रत्यक्षात या मुलांकडे अवधान भरपूर असतं. ते हवं तिथे वळवणं, कंटाळवाण्या कामावर टिकवणं आणि वेळ झाली की सोडवून घेणं जड जातं. कार्टून दर दोन-तीन सेकंदांना काहीतरी नवं हातावर ठेवतं. तेराच्या पाढ्याचं फळ सहामाहीच्या पेपरात मिळतं, तेही मिळालं तर. पुढे कधीतरी मिळणाऱ्या फळासाठी आत्ताचा कंटाळा सोसणं हे मुख्यतः मेंदूच्या कपाळामागच्या भागाचं काम, आणि तोच भाग या मुलांमध्ये सावकाश पिकतो. २००७ साली अमेरिकेत एडीएचडी असलेल्या २२३ मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा तेवढ्याच इतर मुलांच्या प्रतिमांशी ताडून पाहिल्या गेल्या. मेंदूच्या बाहेरच्या थराची वाढीतली जी पायरी इतर मुलांनी साधारण साडेसातव्या वर्षी गाठली, ती या मुलांनी साडेदहाव्या वर्षी गाठली. हा सरासरीचा हिशेब आहे. असली प्रतिमा काढून एखाद्या मुलाचं निदान होत नाही. पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. कार्टूनपुढे बसायला जी ताकद लागते ती वेगळी, आणि पाढ्यांपुढे बसायला लागते ती वेगळी. दुसरीतल्या मुलाकडून आपण दुसरीची शिस्त मागतो, तेव्हा त्याच्याजवळ कदाचित बालवाडीतली शिल्लक असते.

‘आमच्या वेळी हे नव्हतं.’ नव्हतं कसं? १७९८ साली, म्हणजे इकडे दुसरा बाजीराव गादीवर होता तेव्हा, अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं लक्ष टिकवता न येणाऱ्या, सतत चुळबुळणाऱ्या माणसांचं वर्णन लिहून ठेवलं. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं व्याख्यानं दिली, त्यातली मुलं वाचताना मला माझे वर्ग आठवतात: बुद्धीला कमी नाहीत, घरंही बरी, पण आवर म्हणून घालवत नाही. गंमत अशी की इतकं नेमकं पाहूनही स्टिलनं त्याला नाव दिलं ते ‘नैतिक नियंत्रणातला दोष’. निरीक्षण डॉक्टरचं आणि शब्द मास्तरांचे. पुढे नावं बदलत गेली. मधल्या काळात मेंदूला सूक्ष्म इजा असावी असं म्हणून पाहिलं गेलं, १९८० साली एडीडी, म्हणजे नुसता अवधानाचा अभाव, आलं, १९८७ साली अतिचंचलता जोडून एडीएचडी. आमची गच्ची मात्र अजून १९०२ सालातच उभी आहे. तेव्हा ना टीव्ही होता ना मोबाईल. म्हणजे स्क्रीननं या मुलांचे हाल वाढत असतील, झोप मोडत असेल, पण मूळ दुखणं स्क्रीनच्या पोटी जन्मलेलं नाही. जुळ्या भावंडांवरचे अभ्यास तर या गोष्टीत आनुवंशिकतेचा वाटा सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात सांगतात. उंचीसारखंच हे. अशा मुलाच्या बापाला विचारलं तर तो हमखास हसून म्हणतो, ‘मीही असाच होतो.’

आणि लगेच पुढे म्हणतो, ‘माझं काय वाईट झालं?’ इथे तर्क घसरतो. ज्याचं वाईट झालं नाही तोच माणूस सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध पीत हे वाक्य बोलायला हजर असतो. बाकीचे कुठे गेले? माझ्या लहानपणी निफाडकडच्या आमच्या गावात चौथीच्या वर्गात जेवढी मुलं होती त्यांतली निम्मी सातवीला दिसली नाहीत. कुणी कांद्याच्या खळ्यावर, कुणी द्राक्षाच्या बागेत, कुणी मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रकमागे क्लीनर म्हणून. सगळ्यांना गरिबीनंच बाहेर काढलं असं आपण धरून चालतो. त्यातल्या कितींना बाकावर बसवत नव्हतं, ते कुणी मोजलं नाही. शाळेनं त्यांना ‘याला शिक्षणात रस नाही’ अशा एका ओळीत मोकळं केलं. हाताला काम होतं म्हणून ती मुलं खपून गेली. आज दहावीशिवाय साधी नोकरी मिळणंही अवघड. आणि ‘मोठेपणी आपोआप सुधारतं’ म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा: डेन्मार्कमध्ये सुमारे एकोणीस लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. एडीएचडी असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट होतं, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा अपघातांचा होता. मृत्यू एकुणात विरळच, घाबरून जाऊ नये. पण सिग्नलला दम न निघणारा सोळा वर्षांचा मुलगा आणि बापाची बुलेट ही जोडी ज्यानं कॉलेज रोडवर पाहिली आहे, त्याला हा आकडा परका वाटायचा नाही.

आता धपाट्याबद्दल. धपाट्यानं मूल शांत बसतं, हे मी नाकारत नाही. मी ते पाहिलंय, केलंही आहे. पण आपल्याकडे फिट आली की नाकाला कांदा लावायची पद्धत होती, कांदा नसला तर चप्पल. लासलगाव हाकेच्या अंतरावर असल्यानं आमच्याकडे कांद्याला तोटा नव्हता. फिट बहुतेक वेळा मिनिट-दोन मिनिटांत आपली आपण थांबते, आणि तोवर कांदा नाकाशी असल्यामुळे श्रेय कांद्याला जातं. पिढ्यान् पिढ्या ‘गुण आला’ हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, कुणी खोटं बोलत नव्हतं. धपाट्याचा गुणही त्याच जातीचा. पाच मिनिटं शांतता मिळते, ती मोजली जाते. सहाव्या मिनिटाला पुन्हा चुळबुळ सुरू होते, तेव्हा त्याला मुलाचा निर्ढावलेपणा म्हणतात.

दुसऱ्या बाजूचा पक्का मुद्दा: याला रक्ताची चाचणी नाही, एक्सरे नाही, नुसत्या वागण्यावरून ठरवायचं. खरं आहे. पण अर्धशिशीलाही रक्ताची चाचणी नाही, म्हणून ती दुखत नाही असं कुणी म्हणत नाही. ‘थोडंफार तर सगळ्यांनाच असतं’ हेही खरं आहे, आणि नाशिककरांना ते समजायला अवघड जाऊ नये. गोदावरीला पाणी बाराही महिने असतं. पूर आला की नाही हे आपण कसं ठरवतो? रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. कमरेला पूर म्हणायचं की छातीला, हे माणसांनी ठरवलेलं आहे. भांडीबाजारात शिरलेलं पाणी माणसांनी ठरवलेलं नसतं. रेघ मानवी म्हणून पूर खोटा होत नाही. निदानाची रेघही अशीच आखलेली आहे आणि गच्चीवर समजतात तितकी ढिली नाही. २०१३ सालच्या अमेरिकी निकषांप्रमाणे लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं आणि अतिचंचलतेची नऊ; दोन्हींपैकी एका यादीतली किमान सहा लहान मुलात दिसली पाहिजेत, सहा महिने टिकली पाहिजेत, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असली पाहिजेत, त्यानं रोजच्या जगण्यात खरोखर अडलं पाहिजे, आणि हे सगळं किमान दोन ठिकाणी दिसलं पाहिजे. ही शेवटची अट मला फार आवडते. मूल घरी ठीक, आजोळी ठीक, खेळायला ठीक आणि फक्त एका वर्गात बेकाबू असेल, तर तपासणी वर्गाची करावी लागते. नजर, कान, झोप, घरातली भांडणं, आणि अभ्यासच डोक्यावरून जातोय का, हेही आधी पाहायचं असतं. दुसरीच्या बाईंनी एका पालकसभेत पाच मिनिटांत सांगितलेला एडीएचडी म्हणजे निदान नव्हे, तक्रार आहे. तक्रार खरी असू शकते, एवढंच.

विरोधकांना इथे मी आणखी बरंच देऊन टाकते, कारण ते त्यांच्या हक्काचं आहे. जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर मुलांमध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं, आणि अमेरिकेत २०२२ साली तीन ते सतरा वयोगटातल्या ११ टक्क्यांहून अधिक मुलांना कधी ना कधी हे निदान मिळालेलं होतं. दोन्ही आकडे एकाच मापानं काढलेले नाहीत, पण एवढ्या अंतराचा प्रश्न पडायलाच हवा. त्याहून बोचरा पुरावा कॅनडातला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्यावर २०१२ साली दिसलं की डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात वयानं सगळ्यांत लहान असलेल्या मुलग्यांना जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा हे निदान ३० टक्के जास्त मिळत होतं आणि मुलींना ७० टक्के जास्त. म्हणजे काही मुलांचा आजार एवढाच होता की ती अकरा महिन्यांनी लहान होती. आपल्याकडे तर पोरगं लवकर शाळेत घातलं याचा अभिमान बाळगतात. आणि वैद्यकाचा इतिहासही निष्कलंक नाही. १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट या अमेरिकी डॉक्टरनं पळून जाऊ पाहणाऱ्या गुलामांना एक आजार जडतो असं गंभीरपणे मांडलं होतं आणि त्याला भारदस्त ग्रीक नावही दिलं होतं. अवज्ञेला आजार ठरवायची खोड जुनी आहे. दोन धपाटेवाल्यांच्या मनातली धास्ती मुळीच मूर्खपणाची नाही.

मग फिटचं निदान आणि कार्टराइटचं निदान यांत फरक कसा ओळखायचा? मी एक साधा प्रश्न विचारते: निदान झाल्यावर सोय कुणाची होते? फिट हा मेंदूचा आजार आहे हे कळल्यावर रोग्याच्या नाकावरचा कांदा गेला आणि हातात गोळी आली. कार्टराइटच्या आजारानं सोय झाली ती मालकाची. गुलामाला मिळाला चाबूक, ‘उपचार’ म्हणून. आता बी विंगमधल्या मुलाच्या शाळेचं वाक्य पुन्हा वाचा. घरीच ठेवलंत तर सगळ्यांच्याच सोयीचं. शब्द वैद्यकातला उचलला, पण त्याचा उपयोग मुलाला दाराबाहेर ठेवायला केला. ज्याला बसवत नाही त्याला बसता येईल अशी व्यवस्था करणं हा निदानाचा अर्थ. बसवत नाही म्हणून उठवून देणं हा नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमात आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही असं स्पष्ट आहे, आणि सतराव्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. शाळांना ते ठाऊक असतं, म्हणून त्या काढत नाहीत, सुचवतात.

शिक्षकांची बाजू मी घेतली नाही तर माझ्याच सहकारी मला फराळाला बोलावणार नाहीत. कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक आहे, वर्गात पन्नास-साठ मुलं असतात. त्यावर निवडणूक, मतदार याद्या, जनगणना आणि रोज भरायच्या ऑनलाइन माहितीचे तक्ते. अशा बाईला ‘एका मुलाकडे वेगळं लक्ष द्या’ म्हणून सांगणं क्रूर वाटू शकतं. पण मी आता मागे वळून बघते तेव्हा जाणवतं की लागणाऱ्या गोष्टी महाग नव्हत्या. पहिला बाक, खिडकीपासून लांब. एका दमात चार सूचनांऐवजी एकेक सूचना. वीस गणितांऐवजी पाच-पाचचे चार तुकडे. उठायला कारण मिळावं म्हणून खडू आणायला, हजेरीपट ऑफिसात द्यायला यालाच पाठवणं. चांगलं काही केलं तर महिन्याअखेरीला नव्हे, त्याच क्षणी सांगणं. शंभरदा ‘गप्प बस’ म्हणण्यात माझी जेवढी शक्ती गेली त्याच्या निम्म्यात हे झालं असतं.

औषधाबद्दल दोन्ही तटांनी सारखंच अज्ञान पाजळलं. ‘गोळी द्या म्हणजे मिटलं’ आणि ‘गोळी म्हणजे पोराला झोपवून ठेवणं’. दोन्ही चूक. या गोळ्या बहुधा उत्तेजक औषधांच्या असतात. त्यांचा लक्ष टिकवण्याचा गुण योगायोगानं सापडला: १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली हा डॉक्टर मुलांची डोकेदुखी थांबवायला बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहत होता. डोकेदुखी फारशी थांबली नाही, पण तीसपैकी जवळजवळ निम्म्या मुलांची अभ्यासातली गती एकदम पालटली. आज सर्रास वापरलं जाणारं मेथिलफेनिडेट त्यानंतर १९४४ साली तयार झालं. कंपन्यांनी पुढे त्याचा बाजार मांडला हे खरंच आहे, पण आधी आजार काढून मग गोळी विकली, असा क्रम नाही. गोळी गुण देते का? १९९९ साली उत्तर अमेरिकेतल्या सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवर चौदा महिने चाललेल्या मोठ्या चाचणीत काटेकोर देखरेखीखाली दिलेल्या औषधानं मूळ लक्षणं नुसत्या वर्तनोपचारापेक्षा स्पष्टपणे जास्त कमी झाली. तीच मुलं तीन वर्षांनी पाहिली तेव्हा गटागटांतला तो फरक उरला नव्हता. औषधाच्या भक्तांनी पहिलं वाक्य पाठ केलंय, शत्रूंनी दुसरं. दोन्ही एका दमात म्हणायला हवीत. भूक कमी होते, झोप लांबते, उंची थोडी मागे राहू शकते. म्हणून वजन-उंची-नाडी मोजत राहावं लागतं, आणि सहा वर्षांखालच्या मुलाला आधी औषध नाही, आधी आईवडिलांचं प्रशिक्षण. आपल्याकडे मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक निर्बंध असलेल्या औषधांच्या यादीत आहे: चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार जपून ठेवतो. खोकल्याच्या औषधासारखं ते कुणी वाटत सुटलेलं नाही.

जे कुणाच्या चिठ्ठीशिवाय वाटलं जातं त्याची चर्चा मात्र कुणी केली नाही. डोळे बांधून वाचायला शिकवणारे मिडब्रेनचे वर्ग, ‘एकाग्रता वाढवणारे’ काढे, हजारो रुपयांची पॅकेजं. एकानं तर ‘इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस बसवा’ असा सल्ला दिला. दहा दिवस मौन धरून बसवलं असतं तर त्या मुलाचा प्रश्नच काय होता? साखरेचं तर तिथेच डोळ्यांसमोर होतं: ‘बघा, गोड दूध पोटात गेलं नि पोरं उधळली.’ पोरं रात्री अकराला गच्चीवर चांदण्यात एकत्र होती म्हणून उधळली होती. १९९४ सालचा एक प्रयोग मला फार मार्मिक वाटतो. आयांना सांगितलं, तुमच्या मुलांना साखर दिली आहे. खरं तर साखर दिलीच नव्हती. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल दिसली, आणि त्यांनी मुलांवर टीकाही जास्त केली.

त्या प्रयोगातल्या आया मला जवळच्या वाटतात, कारण मीही तेच करत आले. पाच टक्के धरले तर पन्नासाच्या वर्गात दोन-तीन मुलं. चौतीस वर्षांत माझ्या हाताखालून अशी शे-दोनशे मुलं गेली असणार. मी एकही ओळखलं नाही. ओळखलं नाही म्हणजे नाव दिलं नाही असं नाही. नावं भरपूर दिली: वांड, अवखळ, ढिला, उडाणटप्पू. मुलींसाठी वेगळा डबा होता: वेंधळी, धांदरट, स्वप्नाळू. मुलींमध्ये चंचलता बऱ्याचदा दिसतच नाही. त्या गप्प बसून हरवतात आणि वर्गाला त्रास होत नाही म्हणून सुटतात. अशी एक मुलगी खिडकीजवळ बसायची. निबंध सुरेख सुरू करायची, तिसऱ्या ओळीनंतर वही कोरी. तिच्या प्रगतिपुस्तकात मी तीन वर्षं ओळीनं एकच शेरा लिहिला: ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ दहावीला बीजगणितात राहिली. मला त्रास देणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव आजही पाठ आहे. तिचा चेहरा आठवतो, नाव आठवत नाही.

म्हणून ‘मुलाला उगाच लेबल लावू नका’ हे वाक्य ऐकलं की मी अस्वस्थ होते. सद्भावनेनं म्हणतात, पण लेबल लागायचं राहिलेलं नसतं. ते पहिलीच्या दिवाळीपूर्वीच लागलेलं असतं, मराठीत असतं, फुकट असतं, आणि मुख्य म्हणजे मुलाला स्वतःला ते समजतं. एडीएचडी हा शब्द त्याला कळत नाही, ‘वांड’ कळतो. पहिल्या लेबलाला निकष आहेत, मुदत आहे, चुकलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जाता येतं. दुसऱ्याविरुद्ध दाद कुठे मागायची?

आणि हा सगळा वाद गंगापूर रोडवर करायची चैन आपल्याला आहे, हेही लक्षात असू द्यावं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला, आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला. पण याच जिल्ह्यातल्या सुरगाणा किंवा पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या आश्रमशाळेतलं पोर वारंवार पळून जातं तेव्हा त्याला बालमानसोपचारतज्ज्ञ दिसत नाही, शिपाई दिसतो. देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही, त्यात मुलांचे वेगळे ते किती असणार! २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांत तपासायच्या ज्या तीस गोष्टी आहेत, त्यांत एडीएचडी आहे. कागदावर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आली, स्वमग्नता आली, हे नाव स्वतंत्रपणे आलं नाही; सवलतीसाठी पालकांना दुसरं काही सोबत आहे का ते शोधत फिरावं लागतं. जास्त निदानाची भीती अमेरिकेनं बाळगावी. आपल्याकडे अतिनिदान आणि शून्य निदान एकाच जिल्ह्यात नांदतात, शंभर किलोमीटरच्या आत.

त्या रात्री दूध संपल्यावर मुलाची आई माझ्या घरी आली. शाळेला द्यायचं पत्र तिनं लिहून आणलं होतं. पहिली ओळ होती, ‘माझ्या मुलाच्या बेशिस्त वागण्याबद्दल मी क्षमा मागते.’ मी ती खोडली. मग आम्ही दोघींनी बसून नवीन पत्र लिहिलं: तपासणीची वेळ घेतली आहे, अहवाल आला की देऊ, तोवर मूल रोज शाळेत येईल, पहिल्या बाकावर बसवावं, सूचना एकेक द्यावी, मधल्या सुट्टीआधी एकदा वर्गाबाहेर जाण्याचं काम द्यावं. खाली सोळाव्या कलमाचा उल्लेख करावा की नाही यावर आमचा वाद झाला. ती म्हणाली, ‘बाई, राग धरतील हो त्याच्यावर.’ मी म्हटलं, तो आधीच धरलेला आहे. शेवटी कलम घातलं, पण ताजा कलम म्हणून. मुलगा तोवर माझ्या शोकेसमधल्या सगळ्या वस्तू काढून उंचीप्रमाणे लावत बसला होता. चाळीस मिनिटं त्याचा आवाज नव्हता. पत्र पोचवून आठ दिवस झाले. शाळेचं उत्तर आलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग भरतील तेव्हा ती त्याला दप्तर देऊन नेहमीच्या वेळी रिक्षात बसवणार आहे.